शाब्बास म्हणणारी पेटी

रोज सकाळी दहाला मी बालवाडीतल्या मुलांशी पाव तास गप्पा मारते, आणि गेल्या महिन्यापर्यंत त्यातलं एकही मूल मी पाहिलेलं नव्हतं. रेडिओ केंद्रातल्या एका बंद खोलीत, पंख्याचा आवाज येतो म्हणून तोही बंद करून, मी घामाघूम होत, मुलांची मावशी बनून, मायक्रोफोनला 'बाळांनो' म्हणते. 'बाळांनो, गाय काय देते?' असं विचारायचं, थोडा वेळ गप्प बसायचं, आणि मग आनंदाने ओरडायचं, 'शाब्बास! गाय दूध देते!' मधल्या वेळात मुलांनी उत्तर द्यायचं असतं. 'खिरापत' या कार्यक्रमाची ही पद्धत मीच बसवली आहे, आणि आमच्या केंद्रात तिचं फार कौतुक आहे. मुलं उत्तर देतात की नाही हे विचारण्याइतका वेळ कोणाला नव्हता.

गेल्या वर्षी 'खिरापत' एका योजनेत सापडली. मुंबईचे बिस्किटवाले शांतिलालशेठ यांनी आपल्या वडिलांच्या, म्हणजे पूज्य मोतीभाईंच्या, स्मरणार्थ खेड्यापाड्यांतल्या बालवाड्यांना ट्रान्झिस्टर दिले. आवाज केंद्राचा, पेट्या शेठजींच्या आणि त्यात घालायचे सेल पंचायतीचे, अशी त्रिवेणी ठरली. आता पेटीपाशी एखादी बाई हवी. पण तिला शिक्षिका म्हटलं तर सरकारी पद मंजूर करून घ्यावं लागतं, आणि तोवर मुलं मॅट्रिक होतात. म्हणून शेठजींच्या पैशांतून जिला मानधन मिळतं तिचं नाव ठेवलं 'संचरक्षिका'. संच म्हणजे रेडिओ. त्याचं रक्षण करताना आजूबाजूला मुलं बसली तर हरकत नाही, असा एकंदर भाव होता.

वर्ष सरलं तशी शेठजींना इच्छा झाली की आपण स्वतः जाऊन बघावं. जिथे मुलं पेटीला उत्तरं देत असतील तिथे योजना चालू, जिथे देत नसतील तिथून पेटी परत, असं त्यांनी जाहीर केलं. पेटी गेली की संचरक्षिका गेली, आणि ती गेली की बालवाडी गेली, हे उघडच होतं. केंद्रातर्फे मला पाठवलं, आणि त्या दिवसांचे कार्यक्रम माझ्याकडून आधीच ध्वनिमुद्रित करून घेतले. पालघर, बोईसर आणि मुरबे असा तीन दिवसांचा दौरा ठरला.

पालघर

स्टेशनवर पंचायतीचे राऊतसाहेब जीप घेऊन उभे होते. राऊतसाहेब केळव्याचे. माणूस गोड, पण प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'तसं म्हणायला हरकत नाही' असं म्हणून वाक्य परत घेणारा. शेठजी पांढऱ्याशुभ्र धोतरात, काखेत नमुन्याच्या बिस्किटांचा डबा. मी त्यांच्या मागे, एका खांद्याला पिशवी आणि दुसऱ्या खांद्यावर केंद्राची अब्रू.

पालघरच्या बालवाडीत शिरलो आणि मी भारावून गेले. मुलं तेल लावून, भांग पाडून, हाताची घडी घालून बसलेली. आमच्या दादरला इतकी शांत मुलं फक्त गोवर आलेली असतात. समोर चौरंग, चौरंगावर भरतकामाचा रुमाल, रुमालाखाली पेटी, पेटीवर झेंडूचा हार आणि हाराच्या वर पूज्य मोतीभाईंची तसबीर. संचरक्षिका सुमतीबाईंनी रुमाल काढला. आत रेडिओ नव्हता, रेडिओचं खोकं होतं, आणि ते कारखान्यातून आलं तसं चिकटपट्टीसकट होतं.

"उघडला नाही?" मी विचारलं.

"अहो, आमच्यावर रक्षणाची जबाबदारी," सुमतीबाई म्हणाल्या. "पोरांचे हात लागले, ओरखडा गेला, तर मी काय उत्तर देऊ? आणि सेल तरी कुठे आलेत?"

सगळ्यांनी राऊतसाहेबांकडे पाहिलं. "सेल मंजूर आहेत," ते म्हणाले. "आले नाहीत असंही म्हणता येणार नाही, अजून निघालेले नाहीत. तसं म्हणायला हरकत नाही."

मला वाटलं, संपलं. आता शेठजी खोकं उचलणार. पण शेठजी मुलांकडे वळले आणि त्यांनी विचारलं, "बोला बालको, ए पेटी तुमाला कोणी दिली?"

"पूज्य मोतीभाईंनी!" वर्ग एका सुरात गरजला. राऊतसाहेबांनी आठवडाभर आधी निरोप पाठवून ही तयारी करून घेतली होती, हे मला नंतर कळलं.

शेठजींच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी पहिल्या रांगेतल्या एका मुलाच्या गालाला हात लावला. "तुझं नाव काय, बेटा?"

"पूज्य मोतीभाईंनी!"

"वा!" शेठजी म्हणाले. "इथे काम चोख आहे." त्यांनी सर्वांना एकेक बिस्किट वाटलं. योजना चालू राहिली. खोक्यातला माझा आवाज अजून एकाही पालघरकर मुलाने ऐकलेला नाही, आणि माझ्या चाहत्यांत मी त्यांना पहिला नंबर देते.

रात्रीचा मुक्काम राऊतसाहेबांच्या घरी, केळव्याला. सुपारीच्या वाडीत इतका गारवा की मुंबईचा माणूस तिथे झोपला तर उठायचं नाव घेणार नाही. शेठजी कांदा-लसूण खात नाहीत म्हणून राऊतवहिनींनी त्यांच्यासाठी वेगळी उकडहंडी लावली होती. पापडी, कोनफळ, रताळं, सगळं मडक्यात स्वतःच्याच वाफेवर शिजलेलं. आमच्या घरी भाजी म्हणजे फोडणी, मग भाजी. इथे भाजीला भाजीची चव होती. शेठजी तीनदा मागून जेवले आणि म्हणाले, "ह्याचं बिस्किट नाही होणार?" वहिनींनी पदर तोंडाला लावला आणि त्या आत गेल्या.

बोईसर

दुसऱ्या दिवशी बोईसर. तारापूरला अणुवीजघर उभं राहतं आहे, त्यामुळे बोईसर स्टेशनच्या आसपास सारा देश उतरला आहे. सोलापूरचा गवंडी, आंध्रातला सळ्या वाकवणारा, गोरखपूरचा वेल्डर, सगळे पत्र्याच्या खोल्यांत शेजारीशेजारी. बालवाडीही अशाच एका खोलीत होती. तिथली संचरक्षिका साताऱ्याकडची, नवरा कामावर फोरमन. तिच्या पेटीचं खोकं फुटलेलं होतं, दांडी मोडलेली होती आणि आवाज खणखणीत होता. सेल कामगार वर्गणी काढून घालतात, कारण संध्याकाळी त्यांना फिल्मी गाणी लागतात. हा रेडिओ खरा नांदता वाटला.

दहा वाजले. पेटीतून माझाच आवाज आला. माणसाला आपला आवाज परका वाटतो म्हणतात. मला तो माझ्या थोरल्या नणंदेसारखा वाटला, आणि नणंद मला आवडत नाही.

'बाळांनो, आज आपण कान देऊन ऐकायचं हं. अगदी गप्प बसा. डोळे मिटा. काय ऐकू येतंय बरं?'

मुलांनी डोळे मिटले नाहीत. उलट सगळ्यांनी पटापट कानांत बोटं घातली. मला कळेना, की माझा एवढा राग का? तेवढ्यात जमीन हादरली. पलीकडच्या दगडखाणीत सुरुंग उडाला होता. पत्रे थरथरले, वरून माती पडली, शेठजींच्या हातातला डबा खाली पडला. धुरळा बसता बसता पेटीतली मावशी लाडात म्हणाली, 'शाब्बास! चिमणीची चिवचिव ऐकू आली!'

माझे कान लाल झाले. आयुष्यात इतकी लाज मला एकदाच वाटली होती, आणि ती गोष्ट मी इथे सांगणार नाही.

"रोज याच वेळेला उडतो का?" मी विचारलं.

"रोज," बाई म्हणाल्या. "पोरं सुरुंगाची येळ तुमच्या कार्यक्रमावरनंच वळखत्यात. तुम्ही बाळांनो म्हणलं की कानांत बोटं घालायची."

दारात बसलेली एक गोरखपूरकडची आई हसून म्हणाली, "मौसी अच्छी है, टाइम पे बोलती है. बच्चा लोग का कान बच जाता है."

शेठजींनी विचार केला. मुलं उत्तर देत नव्हती, पण प्रतिसाद देत होती, तोही सगळी मिळून आणि वेळेवर. वर एका आईने तोंडभरून शिफारस केली होती. योजना चालू राहिली.

मुरबे

मुरब्याला जायला जीपची वाट धड नव्हती, म्हणून सातपाटीपर्यंत गाडीने गेलो आणि तिथून होडीने खाडी ओलांडली. होडीतून उतरताना माझी एक चप्पल चिखलाने ठेवून घेतली. दुसरी मीच देऊन टाकली. किनाऱ्यावर काठ्यांना बोंबील लोंबत होते. शेठजींनी नाकावर रुमाल धरला तो धरलाच.

बालवाडी म्हणजे जाळी ठेवायची झावळ्यांची शेड, जिथून समुद्र आमच्या गच्चीच्या लांबीएवढ्या अंतरावर होता. संचरक्षिका हिराबाय तांडेल, तिशीची, कमरेला पदर खोचलेली, आवाज असा की तिला मायक्रोफोनची गरज नाही. तिची माहिती राऊतसाहेबांनी होडीतच दिली होती. ही इथली बालवाडी गावाने मागून घेतलेली. बायका म्हावरं विकायला पार पालघर, मनोरच्या बाजारापर्यंत जातात. मागे लहान पोरं किनाऱ्यावर मोकळी असायची. एका भरतीला एक पोर वाहून जाता जाता वाचलं, तेव्हा हिराबायने पोरं गोळा करून बसवायला सुरुवात केली. पेटीमुळे तिला मानधन मिळू लागलं, सेल बायकांनी बाजारातून आणले आणि ती स्वतः बाजाराला जायची थांबली. पेटी गेली तर तिला पुन्हा मासळीची पाटी डोक्यावर घ्यावी लागणार होती. घरी सासू आंधळी, नवरा बोटीवर.

"बाय, पोरांना सांगितलंयस ना, पेटी कोणी दिली ते?" राऊतसाहेबांनी हळूच विचारलं.

"सांगितलाय," हिराबाय म्हणाली. "पन तुमी काय ते विचारू नका. आमच्या पोरांना एक खोड लागलीय."

खोड विचारायच्या आत दहा वाजले. पोरं पेटीभोवती अशी सरसावून बसली की माझं मन भरून आलं. हीच ती मुलं, मला वाटलं, ज्यांच्यासाठी मी पंखा बंद करते.

'बाळांनो,' पेटी म्हणाली, 'सकाळी उठल्यावर आई पहिलं काय करते?'

"पाटी घेऊन बंदरावं जाते!" एकजण ओरडला.

"बापसाला शिव्या घालते!" दुसरी.

"आय बोंबलाशी लगीन लावते!" एक शेंबडी, झिपरी, चार वर्षांची मुलगी सगळ्यांच्या वर ओरडली.

'शाब्बास!' पेटी म्हणाली. 'आई तुळशीला पाणी घालते!'

पोरं हसून हसून एकमेकांच्या अंगावर पडली. आता मला खोड कळली. पेटी कशालाही शाब्बास म्हणते, हा शोध त्यांनी लावला होता. तेव्हापासून रोज सकाळी तिला जास्तीत जास्त वेडंवाकडं उत्तर द्यायची चढाओढ लागायची. 'चांदोमामा कुठे राहतो?' असं पेटीने विचारलं. "मालूच्या आयच्या लुगड्यात!" असं उत्तर आलं, आणि पेटीने त्यालाही शाब्बास दिली. राऊतसाहेब जमिनीत शिरायची जागा शोधत होते. शेठजींना मात्र बोली कळत नव्हती, उत्साह कळत होता. ते खूश होऊन गुडघ्यावर थापा मारत होते.

कार्यक्रम संपला. शेठजी पुढे झाले. हिराबायने मान हलवली, राऊतसाहेब खोकले, पण उपयोग झाला नाही.

"बोला बालको, ए पेटी कोणी दिली?"

"दर्यानं!"

"माज्या बापसानं!"

"सुक्या बोंबलानं!" झिपरी ओरडली.

एवढं शेठजींना कळलं. ते गप्प झाले. पोरं शेठजींच्या तोंडाकडे बघत वाट पाहत होती. झिपरीला तो वेळ जरा जास्तच लांबल्यासारखा वाटला.

"बोल ना आता शाब्बास!" ती शेठजींवर खेकसली.

आणि सवय मेली वाईट. माझ्या तोंडून, अगदी स्टुडिओतल्या सुरात, निघून गेलं, "शाब्बास!"

सगळी डोकी माझ्याकडे फिरली. "पेटीतली मावशी!" कोणीतरी किंचाळलं. "भायेर आली!" एक पोर रडायला लागलं. एकाने पेटीच्या मागे जाऊन आत कोण उरलंय ते पाहिलं. झिपरी मात्र सरळ माझ्यापुढे येऊन उभी राहिली. तिचं नाव कमळी.

"मी बोलते ता तुला आयकू येतं?"

"नाही ग, बाळ," मी म्हणाले. "तिथून ऐकू येत नाही."

ती विचारात पडली. "मंग शाब्बास कशाला बोलतेस?"

मी कार्यक्रमाच्या पद्धतीवर केंद्रात मोठं भाषण केलेलं आहे. त्यातलं एकही वाक्य मला आठवलं नाही.

शेठजींनी डब्याचं झाकण लावलं. "राऊतसाहेब, पेटी घ्या," ते म्हणाले. "इथे चुकीचं शिक्षण चालू आहे. पालघरला द्या, त्यांच्याकडे दोन राहतील."

"त्यांनी पहिलीच उघडलेली नाही!" मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. "तीन दिवसांत पेटीला तोंड उघडून उत्तर दिलं ते फक्त या मुलांनी. चूक असेल तर माझी आहे."

"जवाब चूक होता," शेठजी म्हणाले. वडिलांचं नाव बोंबलाशी जोडलं गेलेला मुलगा होता तो. मला त्यांचा राग आला आणि थोडी दयाही आली.

हिराबायने पेटी पुसली आणि राऊतसाहेबांच्या हातात दिली. मग आमच्यापुढे चालत ती पोरांसकट किनाऱ्यावर गेली. तिथे बायका पाट्या घेऊन होडीत चढायच्या गडबडीत होत्या. "पोरं घेऊन जा ग!" तिने हाळी दिली. "बालवाडी बंद केली यांनी!"

मुरब्याला एक रीत आहे, ती आम्हांला ठाऊक नव्हती. होडीत आधी म्हावरं, मग बायका, आणि जागा उरली तर साहेब. ओहोटी लागली होती. ही खेप गेली की खाडीत चिखल, पुन्हा होडी पुढच्या भरतीला. पारूबाय नावाची एक दांडगी बाई पाटी डोक्यावर घेऊन शेठजींपुढे आली. तिने कडेवरचं पोर उतरवलं आणि त्यांच्या हातात दिलं.

"तुमी बंद केली ना? मंग तुमी सांभाला. म्हावरं नासंल, मला थांबाला येल नाय."

बाकीच्यांनीही तेच केलं. भांडण नाही, घोषणा नाही. पोरं वाळूवर ठेवली आणि होडी गेली. बालशिक्षणातले तिन्ही भागीदार मुलांसह किनाऱ्यावर उरले.

हिराबाय उलट्या घातलेल्या होडीवर जाऊन बसली आणि तिने पानाची चंची उघडली.

"बाय, जरा ये ना," राऊतसाहेब म्हणाले.

"मी कोन? पेटी तुमच्या काकंत हाय. मी गावातली बाई."

पुढची दुपार मी विसरणार नाही. राऊतसाहेबांनी मुलांच्या रांगा लावल्या. एक लागली की दुसरी मोडायची. बिस्किटांचा डबा पोरांनी बसल्या जागी संपवला आणि मग डब्यात खेकडे भरले. मी 'बाळांनो, गाय काय देते?' असं विचारलं. "आमच्याकं गाय नाय," एक म्हणाला आणि होडी काय काय देते ते सांगू लागला. मागोमाग सगळेच सांगू लागले, आणि तिथे त्यांना थांबवायला बटण नव्हतं. कोणाला शी लागली, कोणाला आई हवी झाली. शेठजींच्या हातातल्या पोराने त्यांच्या धोतरावर आपलं मत नोंदवलं. आणि मग राऊतसाहेब तिसरी रांग लावत असताना मी पाहिलं, कमळी आणि तिच्याहून धाकटं एक पोर चिखलातून सरळ पाण्याकडे चालले होते.

हातातलं पोर माझ्याकडे देऊन शेठजी धावले. रुमाल उडाला, जोडा रुतला, धोतर गुडघ्यावर धरून त्या वयात ते धावले आणि पाण्याच्या काठावर त्यांनी दोघांना दोन्ही काखांत धरलं. हिराबाय होडीवरून कधी उतरली मला दिसलं नाही, पण त्यांच्या आधी ती कमरेएवढ्या पाण्यात आडवी उभी होती. तिने बोटं तोंडात घालून एक शीळ घातली. किनाऱ्यावरची सगळी पोरं जिथे होती तिथे मटकन खाली बसली.

शेठजी कितीतरी वेळ धापा टाकत होते. "रोज?" त्यांनी शेवटी विचारलं. "रोज असं?"

"रोज," हिराबाय म्हणाली.

"राऊतसाहेब, लिहा. पेटी परत. बाई चालू."

"शेठजी," राऊतसाहेब चाचरले, "पद संचरक्षिकेचं आहे. संचच नसेल तर रक्षण कशाचं, असा प्रश्न वर विचारतील. तसं म्हणायला हरकत..."

"हरकत आहे!" शेठजी कडाडले. दोन्ही काखांतली पोरं त्यांनी तशीच पुढे धरली. "हे रक्षण नाही तर काय आहे? हे लिहा!"

राऊतसाहेबांनी मान डोलावली. हिराबायने मात्र येऊन त्यांच्या काखेतून पेटी काढून घेतली.

"पेटी पन ऱ्हाऊ दे, शेट," ती म्हणाली. "पोरांना आवडते ती."

मी सुखावले, ते नाकारत नाही. चिखलाने भरलेल्या पायांनी तिच्याजवळ गेले आणि विचारलं, "कार्यक्रमात काही बदल हवा का ग? गाणी वाढवू? गोष्ट?"

तिने माझ्या अनवाणी पायांकडे पाहिलं. माझ्याबद्दल तिला वाईट वाटत असावं.

"गानी, गोष्ट काय पन ठेवा, मावशी," ती म्हणाली. "तुमी मदी गप ऱ्हाता ना, तेवडा फकत वाडवा. पोरांचा बोलून व्हत नाय."